खोकं बंदरात, लेथ मेहुण्याकडे

गल्लीत त्याला सगळे 'सूतभर' म्हणत. शेजाऱ्याच्या दाराची कडी असो की सासऱ्यांची काठी, हा खिशातला व्हर्नियर लावून मोजणार आणि म्हणणार, "सूतभर जास्त आहे." कुणी विचारलेलं नसायचं, पण गप्प बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

धंदा टर्निंगचा, म्हणजे लोखंड कातून भाग बनवायचा. एक शेड, एक लेथ मशीन, आणि अर्ध्याहून जास्त काम एकाच गिऱ्हाइकाचं. हा पंपवाला पाण्याचे पंप बनवायचा आणि त्याला त्यांचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरणारे दांडे, वेळेवर लागत. त्याची मागणी वाढली तसा सूतभरने परदेशातून जुनाच, पण मोठा लेथ मागवायचं ठरवलं. व्हिडिओवर यंत्र पाहिलं आणि विकणाऱ्याशी अशी घासाघीस केली, की शेवटी तो बिचारा वैतागून हो म्हणाला. "भंगाराच्या भावात पटकावलं!" ही फुशारकी पुढे कित्येक दिवस चालली.

जागा व्हावी म्हणून जुना लेथ त्याने मेहुण्याला विकला. हा मेहुणा एके काळी त्याच्याच हाताखाली होता. "तुझा हात म्हणजे लाकडाचा ओंडका," असं चारचौघांत ऐकवून सूतभरने त्याला घालवलं होतं. तेव्हापासून मेहुणा मागच्या गल्लीत किरकोळ दुरुस्त्या करायचा. त्याने लेथ नेला, पुसून तेल घातलं आणि वर चादर पांघरली.

नवीन यंत्र बंदरात आलं आणि तिथेच घोडं अडलं. खोक्याच्या लाकडाला कीड मारणारा धूर दिल्याचा शिक्का नव्हता. धूर द्या, त्याचे पैसे भरा. तो दिला, तर कस्टमच्या अधिकाऱ्याला किंमतच पटेना. एवढं मोठं यंत्र आणि एवढंसं बिल? नक्कीच कमी दाखवलंय. मग त्याने मनाने किंमत धरली आणि तिच्यावर कर लावला. सूतभरने हरकत घेतली, कागद इकडून तिकडे फिरले, आणि खोकं पडून राहिलं तितकं बंदराचं भाडं वाढत गेलं.

"काका, एवढा भाव पाडायची काय गरज होती तुम्हाला?" बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एजंटने कपाळाला हात लावून विचारलं. सूतभर भाड्याच्या पावतीची घडी घालू लागला.

इकडे शेड रिकामी. नव्या यंत्रासाठी फरशीतून वर काढलेल्या बोल्टांना दोरी बांधून बायको उशांचे अभ्रे वाळत घालू लागली. पंपवाल्याचा निरोप आला: शाफ्ट थांबले, तर दुसरा टर्नर बघतो. सूतभरचे धाबे दणाणले. मान खाली घालून तो मेहुण्याच्या दारात गेला.

मेहुण्याने लगबगीने दार उघडलं. चादर काढली आणि म्हणाला, "या भावोजी, मशीन ओळखीचंच आहे तुमच्या." रोज सकाळी सूतभर यायचा, दिवसभर लेथ वापरायचा, आणि जाताना शेरा मारायचा, "मशीनला तेल कमी पडतंय." मेहुणा हो म्हणायचा.

शेवटी बायकोच बोलली. "माझ्या भावाचं काम कधी होतं, विचारलंत कधी? तुम्ही घरी आलात की तो उभा राहतो मशीनवर. जेवणसुद्धा तिथेच करतो." सूतभरने हातातला घास ताटात ठेवला. त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली.

कर भरून खोकं एकदाचं सुटलं, पण नेमकं पंपवाल्याचा माल द्यायच्या दिवशी. ट्रक केव्हा येईल सांगता येत नव्हतं, क्रेनवाला वाट बघायचे वेगळे पैसे मागत होता, आणि पंचवीसेक शाफ्ट बाकी होते. सूतभर यंत्र उतरवायला थांबला, तर ते करणार कोण?

"मी करू का?" मेहुण्याने बिचकतच विचारलं.

सूतभरचा हात जुन्या लेथच्या हँडलवर होता. त्याने तो काढला. "कर. मापं तुला माहीत आहेत."

यंत्र उतरलं. बोल्ट जुळले. गल्ली जमली, पेढ्यांऐवजी सल्ले वाटले गेले. सूतभरचं लक्ष मात्र मागच्या गल्लीत होतं. क्रेन हलताच तो तडक तिकडे गेला.

शाफ्ट कागदात गुंडाळून पेटीत ओळीने ठेवलेले होते. मेहुणा हात पुसत बाजूला सरकला, पूर्वी सरकायचा तसाच.

"मोजून घ्या, भावोजी."

सूतभरने व्हर्नियर खिशातून काढला. पहिल्या शाफ्टवरचा कागद अर्धा उलगडला. थांबला.

"तू मोजलेस?"

"दोनदा."

त्याने कागद पुन्हा नीट गुंडाळला आणि व्हर्नियर मेहुण्याच्या वरच्या खिशात सरकवला. "मग चल, पेटीची एक बाजू धर. पंपवाला वाट बघतोय."