घोडीवाली खाला

घोडीवाल्या खालाच्या डाव्या कानाला पाळी नव्हती. तिच्याच घोड्यानं ती चावून तोडली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी आरमोरीत मास्तरीण म्हणून आले, तेव्हा शेजारच्या या बाईनं पहिल्याच दिवशी मला तो कान दाखवला. म्हणाली, "त्यानं माहा कान घेतला, मी त्याचा माज घेतला."

वरातीला घोडा देणं हा तिच्या नवऱ्याचा धंदा. ज्या चाबकानं तो घोड्याला फोडायचा त्याच चाबकानं बायकोलाही. एकदा भर बाजारात तिनं तो चाबूक हिसकला आणि पाठ सोलून निघेस्तोवर त्याला मारलं. तो सिरोंचाकडे गेला, तो परत आलाच नाही. म्हातारा घोडा मेल्यावर खालानं एक पांढरी घोडी घेतली, शमा. शमावर तिनं चाबूक कधी उगारला नाही. तो माणसांसाठी असे.

मी शाळेतून आले की ती घोडीला खरारा करता करता म्हणायची, "बाई, सांगा एखादा घोडा." मग मी तिला देशोदेशींच्या पुराणांतले घोडे सांगायची. समुद्रमंथनातून निघालेला उच्चैःश्रवा, राक्षसिणीचं मुंडकं उडवल्यावर तिच्या रक्तातून जन्मलेला ग्रीकांचा पंखांचा घोडा, बर्फाळ मुलखातल्या देवाचा आठ पायांचा घोडा. तिचा प्रश्न ठरलेला असे, "मंग घोड्याचं काय झालं?" अश्वमेधाचा घोडा शेवटी कापतात हे ऐकून तिनं हातातला खरारा भिंतीवर फेकून मारला. "लढाई राजाची, मान घोड्याची काऊन?"

तिची आवडती गोष्ट माणसं खाणाऱ्या घोड्यांची. एका क्रूर राजानं आपल्या घोड्यांना माणसाच्या मांसाची चटक लावली होती, आणि अखेर एका वीरानं त्या राजालाच त्यांच्यापुढे टाकलं. "घोडं गवत खाते, बाई. मांस त्यायले माणसानं चारलं. बराबर झालं त्याचं."

आमच्या शाळेचा शिपाई विलास याचं लग्न ठरलं. मुलीच्या गावात एक दंडक होता. विलासच्या जातीच्या नवरदेवानं पारापुढून घोडीवर बसून जायचं नाही. मुलीचा बापच म्हणाला, पायी या. विलास खालाकडे आला. "खाला, मले बसूनच जायाचं हाय."

"बस ना मंग. घोडी कोनाची हाय?"

उन्हं कलताना वरात पाराशी पोचली, मीही वरातीत होते. काठ्या घेतलेलं टोळकं आडवं आलं. "खाली उतर बे!" म्हणत एकानं विलासचा पाय धरून ओढला. खालाचा चाबूक त्याच्या तोंडावर बसला आणि ओठ फाटून लोंबला. मग सगळेच तुटून पडले. दगड आले, डफडं फुटलं, विलासच्या मामाचं डोकं फुटलं. कोणीतरी कुऱ्हाडीचा दांडा शमाच्या तोंडावर हाणला. तिचा डोळा फुटला. ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि खाली आली ती मारणाऱ्याच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

"खाला, उतरतो मी," विलास रडायला लागला. "घोडी मरन."

"बसून राय! उतरला तं मीच फोडीन तुले."

खांदा मोडलेला माणूस किंचाळत होता, त्यामुळे टोळकं जरा मागे सरलं. तेवढ्यात एका हातानं लगाम ओढत, दुसऱ्या हातानं चाबूक फिरवत खालानं घोडी मांडवापर्यंत नेली. दाराशी तिनं विलासचा शेला शमाच्या डोळ्याला बांधला, आणि तो तिथंच उतरू लागला तशी पुन्हा ओरडली. आत शिरल्यावर विलास उतरला आणि शमा तिथेच खाली बसली.

जखम चिघळली. थोड्याच दिवसांत शमा गेली. विलासनं आणि त्याच्या भावांनी खड्डा खणला. खालानं घोडीला एकटीनं धुतलं, कोणाला हात लावू दिला नाही. माती लोटून झाली, आणि ती तोच चाबूक स्वतःच्या पाठीवर ओढू लागली. "म्या नेलं तिले! म्या नेलं!" मी आणि विलासच्या नव्या नवरीनं तिचे हात घट्ट धरले, तरी दोन-चार फटके आम्हालाही बसले.

कोर्टात तिनं एकेकाकडे बोट दाखवून साक्ष दिली. नंतर बहिणीकडे अहेरीला गेली. दुसरी घोडी घेतली नाही. काही वर्षांनी तिथेच वारली.

विलासच्या भिंतीवर लग्नाचा एकच फोटो आहे. मांडवाचं दार, घोडीवर विलास, शमाच्या डोळ्याला बांधलेला त्याचा रक्तानं भिजलेला शेला, आणि मोठ्ठं तोंड उघडून उभी असलेली खाला. मध्ये मी गेले होते, तेव्हा त्याच्या मुलीनं विचारलं, "बाबा, हे बाई काऊन ओरडून राह्यली?"

विलास म्हणाला, "तुहा बाप उतरून राह्यला होता, म्हणून."