चार फुग्यांची गाठ
फुग्याच्या रबराचा वास आला की मला अकरावीचा तो वर्ग आठवतो. रसायनशास्त्राच्या तासाला कार्बनच्या ऑर्बिटल्सचं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागांचं, संकरण मी शिकवत होतो, पण सपाट फळ्यावर मिथेनचा रेणू अधिकच्या चिन्हासारखा दिसे. त्याचे चार बंध चार दिशांना एकमेकांपासून सारखे लांब कसे राहतात, हे मुलांना काही केल्या दिसेना. तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतले परिचर स्नेहसंमेलनातले उरलेले चार फुगे फुगवून घेऊन आले. ते विणकराच्या घरातले. मागावरचा तुटका धागा जोडावा तशी त्यांनी चारही फुग्यांची तोंडं एका गाठीत बांधली. "बघा सर, ढकलायचं कामच न्हाय. आपणच लांब सरकत्यात की!" खरोखर, एक फुगा वर गेला आणि तीन खाली पसरले. वर्ग टाळ्या वाजवू लागला. पुढच्या आठवड्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी फुगे पाहून विचारलं, "कल्पना कुणाची?" मी म्हणालो, "माझी." साहेबांसाठी पाण्याचा ग्लास घेऊन परिचर शेजारीच उभे होते; त्यांनी तो पुढे केला. गेल्या रविवारी नातवाच्या वाढदिवसाला तोच वास आला आणि मी उठून थेट त्या परिचरांच्या घरी गेलो, माफी मागितली. ते हसले, शेजारी बसलेल्या नातीकडे त्यांनी बोट केलं. "मला काय सांगताय सर, मला ठावं हाय की. हिला सांगा. अकरावीत हाय, आजा थापा मारतो म्हनती." त्यांच्या नातीला मी सगळं सांगितलं. ती आजोबांकडे बघतच राहिली. खिशात वाढदिवसाचे चार फुगे होतेच. मी फुगवले, गाठ त्यांनी मारली.