बन्सीकाकांचं जास्तीचं कुलूप

बन्सी चौधरी रिक्षात बसण्याआधी तिची मागची चाकं दाबून बघतात. घरी बायकोनं कडी लावली तरी उठून स्वतः एकदा हात लावून येतात. बायको बिचारी आता चिडतही नाही.

याचं मूळ तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात आहे. जळगावकडून आलेल्या या गृहस्थांनी तिथं अठरा वर्षं मीटर आणि व्हॉल्व्ह दुरुस्त केले. टाकीत उतरायचं तर आधी टाकी ढवळणाऱ्या मोटरचा स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं कुलूप लावायचं. चार माणसं उतरली तर चार कुलपं. शेवटचं निघेपर्यंत मोटर हलणार नाही. ‘तुमच्यासाठी मी लावलंय’ असं कोणी म्हणालं, तरी आपलं वेगळं लावायचंच. या नियमावर काका जिवंत राहिले, त्यामुळे त्यांना हसायचा आपल्याला अधिकार नाही.

पुढे ते घरीच प्रोग्रामिंग शिकले आणि बोईसरला जितेशच्या पाच माणसांच्या ऑफिसात लागले. तिथं एक टेक्स्ट एडिटर बनतो. कुठलं रसायन कधी घालायचं, किती तापवायचं, याच्या स्क्रिप्ट कारखान्यांतले सुपरवायझर त्यात लिहितात. स्क्रिप्ट हव्या त्या ओळीवर थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारा डिबगर काकांनी लिहिलेला. सात वर्षं त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

यंदा मात्र फोन सुरू झाले. सकाळी आठला लावलेला कॉम्प्युटर दुपारी दोनला आडवा होतो. डिबगर मेमरी घेतो आणि परतच करत नाही. काकांची नजर सरळ किंजलकडे गेली. सफाळ्याची पोरगी, पहिलीच नोकरी, घरी भाताची दोन शेतं. स्क्रिप्टच्या आतले आकडे दर सेकंदाला आपोआप बघून दाखवणारी पडद्यावरची नवी खिडकी तिनं बनवली होती, आणि तक्रारी नेमक्या त्यानंतरच आल्या. शुक्रवारी तिचे सहा महिने भरत होते. तिला कायम करायचं की नाही, हे जितेशनं काकांवर सोपवलं होतं.

काका तिच्या मागे खुर्ची टाकून बसू लागले. “ही ओळ का काढलीस? ही कुणाला विचारून घातलीस?” ती सांगायची, पण काकांना तिचं प्रत्येक उत्तर जरा जास्तच सरळ वाटायचं. मंगळवारी ती जेवायला गेली तेव्हा त्यांनी तिचा लॅपटॉप उघडून फायली चाळल्या. काहीच सापडलं नाही. झालं, संशय दुप्पट झाला. काही सापडत नाही म्हणजे पोरीनं नीट लपवलंय!

बुधवारी त्यांनी जितेशला सांगून टाकलं, “पोरीला कायम करू नकोस. तिच्या कामात कुठंतरी पाणी मुरतंय.”

गुरुवारी पुरावा हवा म्हणून त्यांनी तिची खिडकी पूर्ण काढून टाकली आणि नुसता डिबगर चालवला. मेमरी हळूहळू, पण चढतच राहिली. मग संशय स्क्रिप्ट चालवणाऱ्या इंजिनावर. ते बाहेरून आणलेलं, म्हणजे परकंच. त्याची माहितीपुस्तिका काकांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: इंजिन मेमरीतली जी वस्तू तुमच्या हातात देतं, ती तुमच्या नावानं आधीच धरून ठेवलेली असते. बघून झालं की सोडा.

काकांनी आपला कोड उघडला. वस्तू हातात आली की पुढच्याच ओळीत ती पुन्हा एकदा धरली होती. शेवटी सोडली होती ती एकदाच. म्हणजे इंजिननं लावलेलं कुलूप निघायचं, काकांचं तसंच राहायचं. आत अजून कोणी आहे असं समजून कॉम्प्युटर ती जागा कधीच मोकळी करायचा नाही. पूर्वी माणूस दिवसात दहा वेळा बघायचा, म्हणून ते कुणाला जाणवलं नाही; किंजलची खिडकी दर सेकंदाला बघायची, म्हणजे दर सेकंदाला एक कुलूप. पुन्हा धरण्याच्या त्या ओळीशेजारी काकांनीच शेरा लिहिला होता: ‘खात्रीसाठी’.

त्यांनी ओळ पुसली. किंजलची खिडकी परत लावून तीन तास डिबगर चालवला, मेमरीचा आकडा जागचा हलला नाही. दुरुस्ती गुपचूप करून गप्प बसता आलं असतं. तसा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

शुक्रवारी किंजलला घेऊनच ते जितेशसमोर उभे राहिले. “चूक माझी आहे. सात वर्षांपासूनची. हिच्यावर मी उगाच आळ घेतला. हिला कायम कर.”

जितेशनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पत्रावर सही करायला पेन काढलं.

“सर, नको,” किंजल म्हणाली. “मी पालघरला दुसरीकडं हो म्हटलंय.”

“पगार जास्त आहे का?” काकांनी विचारलं.

“नाय, कमीच हाय.” ती थांबली. “मंगळवारी जेवून आले तर माझ्या फायली उघड्या होत्या. तुमी मागितल्या असत्या तर मीच दाखवल्या असत्या, काका.”

संध्याकाळी सगळ्यांचा निरोप घेऊन ती त्यांच्या टेबलापाशी आली आणि खांद्यावरची बॅग त्यांच्यासमोर ठेवून तिची चेन उघडली.

“बघून घेता काय?”

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.