कोळशाच्या मोटारीचा पंखा

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि नंदुरबार-विसरवाडी सर्व्हिस मोटार कोळशावर धावू लागली. गाडीच्या मागे लोखंडी पिंप बसवलेलं. त्यात कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवून विस्तवाला वारा घालायचा आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालायचं. म्हणजे चालायचं तेव्हा चालायचं! गाडी शेठजींची, ड्रायव्हर आमचे हे, आणि आमची खोली शेठजींच्याच अंगणात. क्लीनर तापाने गावी गेला तेव्हापासून पहाटे पंख्याचा दांडा माझ्या हातात आला. ड्रायव्हरशी लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, रोज मोटारीत मिरवायला मिळेल. मिळालं काय, तर हा दांडा.

पावसाळा सरत आला होता तेव्हा विस्तव नीट पेटेनासा झाला. आधी नुसता उशीर लागायचा, मग रोज थोडा जास्त. नळीच्या तोंडाशी काडी धरली की गॅसने निळी ज्योत घ्यायला हवी, तर नुसता धूर. माझे हात भरून यायचे. उतारू खाली उतरून बिड्या ओढत बसायचे. नवापूरकडच्या डोंगरातल्या बाया डोक्यावरचं ओझं उतरवून माझ्याकडे दयेने बघायच्या, आणि मला ती दयाच जास्त टोचायची.

यांनी काय काय करून पाहिलं! दांड्याच्या बाजूने पंखा खोलून आतल्या चाकांना ग्रीस लावलं. कोळसा अंगणात पसरून वाळवला. एकेका सांध्याजवळ पेटती वात धरून वारा कुठे निसटतो ते तपासलं. कुठेच निसटत नव्हता, आणि पंखा तर भिंगरीसारखा फिरत होता. हे गाडीखाली पडून पुटपुटायचे आणि मी वर उभी राहून टोमणे मारायचे. असा आमचा संसार.

शेठजी माणूस वाईट नव्हता. पण उभी गाडी कोण पोसणार? मंगळवारच्या बाजाराला सुटली नाही तर विकून टाकतो, असं त्यांनी सांगून टाकलं. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता हे मला म्हणाले, "गाडी गयी ते मी मिलिटरीमा जासू."

भरतीवाले तेव्हा पार तळोद्यापर्यंत फिरत होते. ड्रायव्हर दिसला की त्याच्यामागेच लागायचे. मला राग आला की मी भांडी आपटते, सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्या दिवशी एक वाटीसुद्धा वाजवली नाही. भीती वाटली, सरळ सांगते. फार भीती वाटली.

सोमवारी पहाटे मी दांडा धरला तो दातओठ खाऊनच. जोर लावला तर मेला हातातून निसटतोय की काय, इतका हलका! दाणे संपले की जातं असंच पळतं. मी फिरवायची थांबले, यांना जात्याचं सांगितलं आणि म्हटलं, "हाऊ पंखा रिकामा फिरी ऱ्हायना. त्याना तोंडमा वाराच जात नही."

हे हसले. आता मोटारसुद्धा जात्यावर दळणार का, म्हणाले. मग हसता हसता थांबले. मला दांडा फिरवायला लावून यांनी पंख्याच्या दुसऱ्या अंगाला तळवा धरला. वारा आत ओढला जायला हवा, तर तिथे काहीच नाही. पाऊस जाऊ नये म्हणून त्या तोंडावर पत्र्याची टोपी होती. तिथे बिघडण्यासारखं काही नसतं, म्हणून कोणी कधी आत पाहिलंच नव्हतं. यांनी टोपीखाली हात घातला आणि ओढून काढला एक काळाकुट्ट फडका, दुहेरी, कोळशाच्या भुकटीने चिप्प झालेला.

काठाची शिवण पाहिली आणि मी ओळखलं. शेठाणीबाईंचं पाणी गाळायचं फडकं. त्या जैन. न गाळलेलं पाणी त्यांच्या घरात कोणी ओठाला लावायचं नाही. हे म्हणाले, राहू दे, जाळी चोंदली होती असं शेठजींना सांगू. पण मी कसली ऐकते! फडका घेतला आणि तरातरा ओट्यावर गेले.

शेठाणीबाईंनी काही लपवलं नाही. पहाटे विस्तवाच्या उजेडावर चिलटं येतात, पंखा त्यांना ओढून आगीत घालतो, ते त्यांना बघवत नव्हतं. म्हणून एके दुपारी टोपीखाली हात घालून त्यांनी फडका बांधला होता. तेव्हापासून रोज ओट्यावरून बघायच्या आणि त्यांच्या जिवाला बरं वाटायचं. विस्तव का पेटत नाही ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मी तोंडभर बोलायला गेले होते. बोलले एवढंच, की उद्या गाडी विकली जाणार होती आणि हे लढाईवर निघाले होते.

त्यांनी माझ्या हातातला फडका घेऊन उलटापालटा करून पाहिला. "चिलटं वाची गयात, बाई," म्हणाल्या. "आनि तुन्हा माणूस?"

आणि रडायलाच लागल्या. भांडायला गेलेली मी, त्यांचे डोळे पुसत बसले. माझ्या काळ्या हातांनी त्यांचे गाल काळे झाले तरी त्यांनी माझा हात सोडला नाही. शेठजींना त्यांनी स्वतःच जाऊन सगळं सांगितलं.

मंगळवारी गाडी सुटली. त्यानंतर हे ऊन वर आल्याशिवाय विस्तव पेटवेनात, म्हणजे चिलटं नसतात. उतारू कुरकुरले की सांगायचे, उन्हात कोळसा लवकर धरतो. इतकं धडधडीत खोटं बोलताना मी यांना एरवी कधी पाहिलं नाही, आणि मला तेव्हा यांची इतकी माया आली की काय सांगू.

थोड्याच दिवसांनी भरतीची लॉरी आमच्या दारावरून गेली. आत बसलेल्यांत यांच्या ओळखीचे दोघं होते. त्यांनी हात हलवला. यांनीही हलवला आणि लॉरी वळेपर्यंत तिकडे पाहत उभे राहिले. मी लॉरीकडे पाहिलं नाही. दांडा फिरवत राहिले आणि यांच्याकडेच पाहत राहिले.