दोर कुठं बांधलाय?

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीत झालं आणि ते काही दिवस आमच्या फ्लॅटवर राहायला आले. आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म वालचंदनगरच्या कारखान्यात लेथवर गेलेला, त्यामुळे सांगितलेलं माप तंतोतंत पाळणारा माणूस. डॉक्टरांनी टीव्ही बघायचा नाही म्हटल्यावर ते काळा चष्मा लावून चक्क टीव्हीकडे पाठ करून बसायचे. कान मात्र उघडे होते. माझी नऊ वर्षांची मुलगी सुट्टीत अंतराळातली एक मालिका हिंदीतून बघत होती, आणि पडद्यावर काय चाललंय ते आबांना सांगायचं काम तिनं आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

त्या दुपारच्या भागात एक यान कसल्याशा धुक्यात अडकतं. यानातला जो झोपेल त्याला वाईट स्वप्न पडतं, रोज तेच. मग यानावरची डॉक्टर एक यंत्र तयार करते. त्या यंत्रामुळे आपल्या स्वप्नात दुसऱ्या माणसाला सोबत नेता येतं. स्वप्नाच्या शेवटी एक दार असतं आणि आपल्याला कशाची भीती वाटते ते सोबतच्या माणसाला मोठ्यानं सांगितल्याशिवाय ते उघडत नाही. एकेक जण सांगून मोकळा होतो. म्हातारा इंजिनिअर तेवढा तोंड उघडत नाही, आणि त्याच्यापायी यान जागचं हलत नाही.

"का सांगंना गेलाय त्यो?" आबांनी विचारलं.

"लाजतोय, आबा."

"बरुबर हाय त्येचं," आबा म्हणाले.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि प्रश्न विचारायची मला खोडच आहे. खरं तर ते यंत्र कसल्या तत्त्वावर चालतं असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी लागले भलत्याच मागे. तुला त्या यंत्रात बसवलं तर काय दिसेल, असं मी भाग चालू असतानाच एकेकाला विचारत सुटले. नवरा म्हणाला, बारावीचा गणिताचा पेपर आणि खिशात पेन नाही. गावाकडे आईला फोन केला. ती म्हणाली, "दूध तापाय ठिवलंय आन् मी एस्टीत बसलीया." मुलीला पाल दिसणार होती, तीही बोलणारी. आबांना विचारलं तर म्हणाले, "मला सपनं पडत न्हाईत."

यावर माझा विश्वास बसेना. दुपारी ते पडायचे आणि उठायचे तेव्हा त्यांच्या दोन्ही मुठी आवळलेल्या असायच्या. मी ते तीन दिवस बघत होते.

माझं उत्तर मात्र घरात सगळ्यांना पाठ होतं. माझी भीती म्हणजे आमची विहीर.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शेतात ती विहीर आजोबांनी खणली. त्याआधी गावातल्या विहिरींवर आमच्या लोकांना हंडा भरू देत नसत. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, पुढे आबांना नोकरी लागली, आणि घरची विहीर झाली. तेव्हापासून आबांचा नियम होता, घरातलं प्रत्येक पोर या विहिरीत पोहायला शिकलंच पाहिजे. पोरगी असली तरी.

माझा नंबर लागला नवव्या वर्षी. आमच्याकडची पद्धत साधी. तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन पोराच्या पाठीला बांधायचा, दोर लावायचा, आणि दोराचं टोक धरून मोठ्या माणसानं पायरीवर उभं राहायचं. आबा इस्त्रीची पँट घालून उभे असायचे. "पाय मार! हात लांब!" असं वरून चालू असायचं. तिसऱ्या दिवशी कॅनची गाठ सरकली. कॅन वर राहिला आणि मी खाली गेले. आबांनी दोर माझ्या कमरेला बांधलाच नव्हता. तो बांधला होता कॅनला. सगळ्या पंचक्रोशीत दोर पोराच्या कमरेला बांधतात.

माझे चुलते, तात्या, मोटर चालू करायला आले होते. त्यांनी कपड्यानिशी उडी मारली म्हणून मी हे लिहायला उरले. वर आल्यावर खोकता खोकता मला पहिल्यांदा आबा दिसले. त्याच पायरीवर, हातात दोर, दोराला कॅन. पँट कोरडी.

विहिरीची भीती हे मी लोकांना सांगायचं कारण होतं. खरं मला बोचत राहिली ती कोरडी पँट. मी बुडत होते आणि माझा बाप उभा राहिला. जगाला प्रश्न विचारणारी मी, तीस वर्षांत हा एक प्रश्न विचारला नव्हता. आणि आता माझी मुलगी तीन उन्हाळे त्याच विहिरीत पोहायला शिकायचा हट्ट करत होती, आणि मी तीन उन्हाळे नाही म्हणत होते.

"आबा, सांगतोय तो इंजिनिअर!" मुलगी ओरडली. "म्हणतोय, एवढी वर्षं यान चालवलं पण तो कधी यानाच्या बाहेर पाऊलच टाकू शकला नाही. बाहेरच्या काळोखाला भितो."

भाग संपला आणि मुलगी खाली खेळायला गेली. डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती. थेंब घातले की आबांनी पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असे. मी बाटलीचं झाकण लावलं आणि विचारलं, "आबा, तुम्ही उडी का नाही मारली?"

कधी, कुठं, असं त्यांनी विचारलं नाही.

"मला पवाय येत न्हाय," डोळे मिटूनच ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पोरपणी कुठल्या हिरीत शिकायचं? आमाला कोण उतरू देत हुतं? आपली हीर झाली तवा मी नोकरीवाला गडी. कॅन बांधून उतरायची लाज वाटली. म्हटलं, पोरं शिकत्याल."

"मग आम्हाला शिकवत कसे होता?"

"बघून. लेथबी बघूनच शिकलो." मग म्हणाले, "सपनात दोर वडतो मी. कॅनच येतो वर."

मला आधी राग आला. पोहता न येणाऱ्या माणसानं मला पाण्यात उतरवलं होतं! आणि मग रडूच आलं. मी रडतेय हे त्यांना आवाजावरून कळलं असणार, पण पाच मिनिटं पुरी झाली नव्हती, म्हणून त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात तेवढा पुढं केला.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी पाण्यात उतरायची मोकळीक दिली. आम्ही गावी गेलो. कालव्याचं पाणी सुटून गेलेलं, त्यामुळे विहीर चांगली भरली होती. तात्या आधीच पाण्यात उतरले होते आणि माझी मुलगी तयार होऊन पायरीवर नाचत होती.

"आदी मी," आबा म्हणाले.

अर्ध्या चड्डीत मी त्यांना जन्मात पहिल्यांदा पाहिलं. कॅन त्यांनी स्वतः बांधला आणि गाठ तीनदा ओढून बघितली. दोर मी बांधला.

"कुठं बांधलाय?"

"कमरेला, आबा."

"व्हय," म्हणून ते पायऱ्या उतरत पाण्यात गेले आणि छातीएवढ्या पाण्यात थांबले. दोराचं टोक धरून मी वर उभी होते, त्यांच्याच पायरीवर, कोरड्या सलवार-कमीजमध्ये. त्यांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि पायरी सोडली. दोराला हिसका बसला, माझ्या मुठी आपोआप आवळल्या, आणि मला आठवलं की पोहता तर मलाही येत नाही.

"पाय मारा, आबा!" मी ओरडले. "हात लांब!"