एका हाताच्या बांगड्या

आमच्या काशीबाई कासारणीने एकदा हात धरला की बांगड्या भरून होईपर्यंत बाईला उठता येत नसे. तेवढ्या वेळात ती काहीही विकू शकत असे. घरंसुद्धा. गिरण्यांमुळे सोलापुरात माणसांची रीघ लागली होती. दलाल ओट्यावर बसून पुरुषांशी घासाघीस करत. काशीबाई थेट माजघरात शिरायची. कोणाकडे वाटण्या होणार, कोण पुण्याला निघालंय, हे तिला दलालांच्या आधी कळे. "पुरुष भिंती ठोकून बगत्यात. चुलीपाशी उजेड किती, त्ये कोन बगतंय?" असं ती म्हणे. दलाली ती घेत नसे. मात्र वास्तुशांतीला त्या घरातल्या साऱ्या बायकांचे हात तीच भरणार, हे ठरलेलं.

माझे वडील म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर. आम्ही साखर पेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो आणि मालकाने दसऱ्याच्या आत जागा सोडायला सांगितली होती. पोस्टात पैसे होते, वडिलांना धीर नव्हता. "भाव उतरणार आहेत, थांबा," असं ते चार वर्षं सांगत होते आणि भाव चार वर्षं चढत होते. काशीबाईने मागच्या गल्लीतलं एक माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आईला दाखवलं. आईला ते इतकं आवडलं की येताना ती भाजी घ्यायला विसरली. वडील म्हणाले, "थांबा."

श्रावणात काशीबाई आली. तिने आईचा डावा हात भरला, उजव्यातल्या जुन्या बांगड्या उतरवल्या आणि पेटी मिटली.

"अगं, आणि हा हात?"

"त्यो नव्या घरात भरीन की, वैनी."

एकीने अर्धवट ठेवलेला हात दुसरी कासारीण भरत नसे, त्यामुळे इलाज नव्हता. आईनेही फारसा शोधला नाही. वडिलांच्या पानात भात वाढायला रोज तोच उघडा हात पुढे येई. सवाष्णीचा रिकामा हात पाहून शेजारणी हळू आवाजात विचारू लागल्या, "मास्तर बरे आहेत ना?" आठ दिवस आपण जिवंत असल्याचं सांगून वडील थकले आणि खरेदीखत झालं.

दोन वर्षांनी मंदी आली, गिरण्यांच्या पाळ्या कमी झाल्या, घरांचे भाव कोसळले. वडिलांना कोण आनंद! येईल त्याला ऐकवायचे, "मी म्हणत होतो! या कासारणीने बुडवलं मला."

काशीबाईने ते ऐकलं. "लई वाईट झालं बगा, मास्तर. इकून टाका मग. उद्याच गिऱ्हाईक आनते."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ती एका फेटेवाल्या गृहस्थांना घेऊन आली. आईचा चेहरा उतरला. वडील दारात आडवे उभे राहिले. "घर तसं बरं नाही हो," ते म्हणाले. "माळवद गळतं. आडाचं पाणी मचूळ. शेजारी तर विचारूच नका." शेजारी खिडकीत होते. पाहुण्यांना आत पाऊलही टाकू न देता वडिलांनी कोपऱ्यापर्यंत पोचवलं.

ते गृहस्थ काशीबाईचे मंद्रूपचे दीर, बाजाराला आलेले, हे तिने पुढे संक्रांतीला हसत हसत आईला सांगितलं. अशी बाई मला पुन्हा भेटली नाही.

गिऱ्हाईक परत गेलं त्या संध्याकाळी मात्र वडिलांनी हळूच आईला विचारलं, "ती आणखी कोणाला आणणार नाही ना गं?"

सकाळी पाहतो तर धोतर खोचून, पांढऱ्या मातीची पाटी घेऊन ते माळवदावर चढले होते आणि गळती बुजवत होते.