खंडेनवमीला पुसलेले आकडे

अंबडच्या पंप कारखान्यातल्या कंप्यूटर विभागाच्या साहेबांनी मला फसवलं. प्रोग्राम माझा, खापर माझ्यावर, आणि दुसऱ्या युनिटचं काम त्यांच्या मेहुण्याला.

मी सटाण्याचा. भाव करायला कांद्याच्या लिलावात शिकलो. सी आणि एसक्यूएल या कंप्यूटरच्या भाषा उसन्या पुस्तकांवर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे काम घासाघीस करून मिळवलं, ते पुढच्या युनिटवर डोळा ठेवूनच.

पंप तपासताना दाबाचे आकडे इतक्या वेगानं येत की डेटाबेसला झेपत नसत. म्हणून ते आधी शेअर्ड मेमरीत, म्हणजे कंप्यूटरच्या तात्पुरत्या जागेत, साठायचे. माझा सी प्रोग्राम तिथून ते उचलायचा आणि त्याच्यातच बसवलेल्या एसक्यूएलच्या ओळींनी टेबलात भरायचा. मी म्हणत होतो, थोडे थोडे भरू. साहेब म्हणाले, "मशीन दमतं हो. मेमरी भरली की एकदम टाका." मी मान्य केलं, पण एका अटीवर: कंप्यूटर बंद करण्याआधी माझी कमांड द्यायची, म्हणजे मेमरीत उरलेलं सगळं टेबलात जाईल. नाहीतर वीज तुटली की ते गेलंच. साहेबांनी ती कमांड मालकांसमोर स्वतः देऊन दाखवली होती.

श्रावणात त्यांनी मूळ कोडची फ्लॉपी मागून घेतली. "असू द्या आमच्याकडे. उद्या तुम्हाला रिक्षानं उडवलं तर?" मी हसलो. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

खंडेनवमीला सकाळची पाळी संपल्यावर यंत्रांची पूजा. मी पोचलो तर कंप्यूटरला झेंडूची माळ, यूपीएसला हळदकुंकू, आणि दोन्हींचे दिवे विझलेले.

"कमांड दिली का रे?" मी ऑपरेटरला विचारलं.

"साहेब म्हणाले, मुहूर्त टळतोय, बटण दाब."

दसऱ्यानंतर पाहिलं तर त्या पाळीच्या शेवटच्या पंपांचे आकडे टेबलात नव्हते. पंप पुन्हा तपासावे लागले, माल अडकला. मालकांच्या केबिनमध्ये साहेब म्हणाले, "यांच्या प्रोग्रामनं नवरात्राचा उपवास आमच्या आकड्यांवर सोडला!" सगळे हसले. मी टेबलावर हात आपटला. ऑपरेटरला बोलवा म्हणालो. तो आला, त्यानं आधी साहेबांकडे बघितलं, मग म्हणाला, "आठवत नाही." मालक मलाच म्हणाले, "आवाज खाली."

त्याच आठवड्यात मेहुणा दुसऱ्या युनिटमध्ये बसला होता. कोरा कंप्यूटर, आणि प्रोग्राम मात्र तयार! कुठून आला?

मुहूर्त भटजींनी काढला होता, मान्य. पण ती कमांड द्यायला एका आरतीइतकाही वेळ लागत नाही.

साहेब आता निवृत्त आहेत. लग्नाकार्यात भेटले की खांद्यावर हात ठेवून "काय म्हणताय?" करतात. मी काही म्हणत नाही, विचारतो आहे. साहेब, तुम्ही बटण का दाबायला लावलंत? मालक अजून आहेत. चला त्यांच्यासमोर, आणि उत्तर द्या.